येतो

१

घरातून निघताना हृषिकेश 'येतो' म्हणायचा, आणि समोरून 'ये' ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. यात नवल काही नाही. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे मराठी घरात मूल चालायला लागलं की त्याच्या कानावर पडतंच. नवल एवढंच, की हा माणूस जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घ्यायचा, मोजून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, आणि सकाळी सात बेचाळीसला मात्र आईच्या या एका शिकवणीपुढे निमूट मान तुकवायचा.

अडचण बायकोची होती. ऊर्मिला सकाळी सहालाच मागच्या खोलीत जाऊन बसायची. विद्यापीठाच्या एका प्रकल्पासाठी ती जुन्या अरबी पोथीचं जर्मन भाषांतर करत होती. पोथी व्याकरणपंडितांच्या भांडणांची. हजारेक वर्षांपूर्वी इराकातल्या बसरा आणि कुफा या दोन गावांतले पंडित शब्दांचा कीस काढत भांडले, आणि पुढे कुणीतरी ती भांडणं एकामागून एक लिहून ठेवली. ऊर्मिला एकदा त्यांच्यात जाऊन बसली, की घराला आग लागली तरी तिला पत्ता लागला नसता. हृषी पॅसेजमधून 'येतो' म्हणायचा, उत्तर यायचं नाही. मग तो तीन मजले उतरायचा, खालच्या दारापाशी आपल्याच घराची बेल दाबायचा, आणि ऊर्मिला चडफडत उठून इंटरकॉमचा रिसीव्हर उचलायची.

"येतो."

"ये रे बाबा, ये!"

मग स्वारी त्सुफेनहाउझेनच्या स्टेशनाकडे चालू लागायची.

संध्याकाळी जेवताना तो तिला चिडवायचा. "काय म्हणतायत तुझी दोन गावं? मिटलं का भांडण?"

"मिटायला ती काय सोसायटीची मीटिंग आहे? बसरावाले म्हणतात, भाषेला नियम असतो. नियमात बसेल तेच खरं. कुफावाले म्हणतात, एका माणसाच्या तोंडून एकदा जरी ऐकलं, तरी ते खरं धरा."

"मग मी कुफावाला. आणि तू पक्की बसरावाली. तुला ऐकू कुठे येतं?"

मार्चमधल्या एका मंगळवारी बेल वाजली आणि ऊर्मिला उठली नाही. खाली कचऱ्याची गाडी मागे मागे येत टिंव टिंव करत होती, आणि एक ओळ दोनदा हातची निसटून तिसऱ्यांदा कुठे लागत होती. बेल तीनदा वाजली. "कळलं रे," ती खुर्चीतूनच पुटपुटली, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी फोन आला. स्टेशनाच्या पायऱ्यांवर हृषी कोसळला होता. हृदय. वय एक्केचाळीस.

२

नोव्हेंबरात, एका गुरुवारी, सात बेचाळीसला बेल वाजली.

ऊर्मिला तनयाचा डबा भरत होती. पार्सलवाला असेल म्हणून तिने डाव्या हाताने रिसीव्हर उचलला. आधी टिंव टिंव ऐकू आलं, मोठी गाडी मागे घेताना येतं तसं. मग कुणीतरी श्वास घेतला.

"येतो," हृषी म्हणाला.

रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून ती अनवाणी खाली धावली. चौपन्न पायऱ्या. दाराबाहेर धुकं होतं, शेजाऱ्यांच्या सायकली होत्या, उतारावरून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते आणि आज गुरुवार आहे, हे तिला परत वर चढताना दुसऱ्या मजल्यावर आठवलं.

आठ महिने नीट झोप नसलेल्या माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं, असं तिने स्वतःला बजावलं. ते खरंही आहे. पण शुक्रवारी बेल वाजली, तेव्हा तिने मुद्दाम रिसीव्हर उचलून घड्याळाकडे बघितलं, किटलीला हात लावून ती गरम असल्याची खात्री करून घेतली, आणि तरी गाडीची टिंव टिंव, तो श्वास आणि तो शब्द जसाच्या तसा आला. 'ये' तिच्या ओठांवर आलं होतं. आवाज फुटला नाही. थोडा वेळ कुणीतरी वाट पाहिल्यासारखी शांतता, आणि मग नुसती खरखर.

शनिवारी-रविवारी बेल वाजली नाही. शनिवार-रविवार हृषीला सुट्टी असायची.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही गेली नाही तर काय करायचं, ते म्हणणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं नाही. ऊर्मिला रविवारी दुपारी सोफ्यावर बसून हसली, आणि हसता हसता तिला असं रडू कोसळलं, की तनयाने खेळ टाकून पाण्याचा ग्लास आणून दिला.

३

सोमवारी बेल वाजली तेव्हा ऊर्मिला बाथरूममध्ये होती. टॉवेल गुंडाळून बाहेर येते तो तनया स्टुलावर उभी राहून रिसीव्हर जागेवर ठेवत होती.

तनया साडेसहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.

"कोण होतं गं?"

"पापा."

ऊर्मिलाने भिंतीला हात टेकला. "काय म्हणाला?"

"एर कोम्ट," तनया म्हणाली. तो येतो.

"कोण तो?"

तनयाने खांदे उडवले. तिला काय ठाऊक! पापा रोज सकाळी निघताना हेच सांगायचा ना, की तो येतो म्हणून. ती बालवाडीत होती तेव्हापासून सांगायचा. आणि तू म्हणायचीस, 'ये'. पण तो अजून आलेलाच नाही. हे सगळं तिने बुटाचं वेल्क्रो लावता लावता सांगितलं, शाळेतल्या एखाद्या मुलीचं नाव सांगावं इतक्या सहज.

पोरीचा घोटाळा काय झाला होता ते ऊर्मिलाला तिथल्या तिथे कळलं. व्याकरणावर पोट असलेल्या बाईला न कळून कसं चालेल? 'येतो'त कर्ता दिसत नाही. मी येतो, तो येतो. क्रियापद एकच. मराठी आईबापाच्या कुशीत वाढलेल्या पोराला आत 'मी' आहे हे सांगावं लागत नाही. जर्मनमध्ये मात्र कर्ता उघड म्हणावाच लागतो, तेव्हा या पोरीने तो आपल्या मनाने घातला. आणि इतकी वर्षं तिचा बाप रोज सकाळी तिला सांगत राहिला, की कुणीतरी येतो आहे.

तिला शाळेत सोडून घरी येताना ऊर्मिलाला हसू यायला हवं होतं. हृषीला हे कळतं तर त्याने ऑफिसभर सांगितलं असतं.

४

भांडण एकतिसावं. त्याचं भाषांतर करून त्यावर टीप लिहायची होती, आणि प्रोफेसरबाईंच्या दोन मेल येऊन पडल्या होत्या. मार्चमधल्या त्या मंगळवारी तिसऱ्यांदा लागलेली ओळ याच भांडणातली. त्यानंतर तिने ते पान उघडलं नव्हतं.

विषय होता क्रियापदात दडलेल्या सर्वनामाचा. बसरावाल्यांचा नियम असा: बोलणाऱ्याचा 'मी' एकदा क्रियापदात दडला, की तो कायमचा दडला. त्याच्या जागी दुसरं काही आणून बसवता येत नाही. ज्याला आज्ञा करतो, त्याच्यातल्या 'तू'चंही तेच. 'तो'चं मात्र तसं नाही. 'तो' कधी आत राहतो, कधी बाहेर येऊन उभा राहतो. समोर नसलेल्या या 'तो'ला अरबी पंडितांचा शब्द आहे 'गाइब'. आपण मराठीत 'गायब' म्हणतो, तोच.

ऊर्मिलाने हा नियम शंभरदा शिकवला होता. आता तो तिने हळू आवाजात स्वतःला वाचून दाखवला. 'मी' बाहेर येऊ शकत नाही. गायब झालेला येऊ शकतो.

खाली पोथीकाराने वाद लिहिला होता. कुफावाला म्हणाला, "मी 'मी' बाहेर आलेला ऐकला आहे." बसरावाल्याने विचारलं, "किती वेळा?" "एकदा." "एकदा ऐकलेल्यावर नियम बसत नाही." तेव्हा कुफावाला म्हणाला, "आणि जो एकदाच बोलणार असतो, त्याचं काय करता?"

पुढचं पान कसरीने खाल्लेलं होतं.

ऊर्मिलाने टिपेत लिहिलं: बसरावाल्यांचं म्हणणं अधिक सयुक्तिक. मग कॉम्प्युटर बंद करून ती बराच वेळ हाताची घडी घालून बसली. खोलीत हीटरच्या पाइपात पाणी खुळखुळत होतं. तिला वाटलं, की खालचा माणूस हृषी असेल तर तो कधीच वर येणार नाही, आणि वर आला तर तो हृषी नसेल. भीतीपेक्षा या विचाराचं दुःख मोठं होतं.

५

मिरजेहून अहिल्याबाईंचा व्हिडिओ कॉल रविवारी दुपारी यायचा. सासूबाई फोन इतका जवळ धरायच्या, की पडद्यावर नुसतं कपाळ आणि चष्मा दिसायचा.

"जेवलीस का गं?"

"हो आई."

"खोटं बोलतेस. गळ्याची हाडं दिसतायत." मग आवाज खाली आणून, "ऊर्मिला, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना आई."

"त्या दिवशी तो निघाला, तेव्हा तू 'ये' म्हणाली होतीस ना गं? मी विचारलंय आधी, ठाऊक आहे मला. पण रात्री पडलं की तेच येतं बघ मनात. लहानपणी सुद्धा मी चुलीपाशी असले नि 'ये' म्हणायचं राहिलं, तर दप्तर घेऊन उंबऱ्यावर उभा राहायचा. शाळा बुडेल पण हलायचा नाही."

"म्हणाले होते, आई," ऊर्मिला म्हणाली. पाचव्यांदा म्हणाली.

"मग झालं," अहिल्याबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग माझं लेकरू खोळंबून नाही राहिलेलं कुठं."

कॉल संपल्यावर ऊर्मिला पॅसेजमध्ये जाऊन इंटरकॉमसमोर उभी राहिली. खोळंबून राहिलं आहे, आई. आठ महिने थंडीत खाली उभं आहे, आणि मी एक अक्षर बोलत नाही. उद्या बोलेन, तिने ठरवलं. नियमाप्रमाणे तो वर येऊच शकणार नाही. निदान निरोप तरी नीट घेईल.

६

सोमवारी ती साडेसातपासून पॅसेजमध्ये उभी होती. बेल वाजली. टिंव टिंव, श्वास.

"येतो."

"हृषी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कोण येतो? 'मी' म्हण. एकदा 'मी येतो' म्हण, मग मी काय हवं ते म्हणेन."

पलीकडची गाडीसुद्धा थांबली.

"येतो," पुन्हा तेच. या वेळी जरा चाचरत, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखं.

तिला गलबलून आलं. 'मी' म्हणत नाही, म्हणजे हृषी नाही? का 'मी' म्हणता येत नाही, म्हणूनच हृषी? बसऱ्याचे सगळे पंडित मिळून तिला या प्रश्नाचं उत्तर देऊ शकले नसते. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला उत्तर नकोच होतं. आठ महिने घशात अडकलेला तो एक शब्द तिला बाहेर काढायचा होता.

"ये," ती म्हणाली. "ये रे."

दार उघडायच्या बटणाला तिने हात लावला नव्हता. तरी खाली खट्ट झालं.

७

पावलं सावकाश चढत होती. पहिला मजला. हृषी दुसऱ्या मजल्यावर थांबून लॅपटॉपची बॅग या हातातून त्या हातात घ्यायचा. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. बॅगेच्या पट्ट्याची कडी वाजली. पावलं पुन्हा चढू लागली.

येऊ शकतो तो एकच. गायब. 'मी' येऊ शकत नाही, मग हा जो चौपन्न पायऱ्या चढून येतो आहे, तो कोण?

"एर कोम्ट!" मागून तनया ओरडली. पाठीवर दप्तर, एका पायात बूट, आणि आनंदाने फुललेला चेहरा. ती थेट दाराकडे धावली. ऊर्मिलाने तिला दंडाला धरून मागे ओढलं, साखळी लावली आणि तिला पाठीशी घातलं.

दाराच्या मधोमध दुधी काचेची पट्टी होती. तिच्यापलीकडे करडं जाकीट येऊन उभं राहिलं. इस्पितळातून पिशवीत बांधून मिळालेलं, तिच्या कपाटात अजून न सोडलेलं जाकीट. मान डावीकडे किंचित कललेली, आतून काही ऐकू येतं का ते ऐकत असल्यासारखी. तो बेल वाजवत नव्हता. दार ठोठावत नव्हता. नुसता उभा होता.

"आउफमाखन!" तनया तिच्या कमरेला धरून हिसके देत होती. उघड, आई, उघड.

"जा," ऊर्मिला म्हणाली.

हा शब्द लग्नाच्या बारा वर्षांत तिने त्याला कधी म्हटला नव्हता. भांडणातसुद्धा नाही.

काचेपलीकडची मान सरळ झाली.

"जा!" तिने दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबले, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. "जा, जा, जा! कोण आहेस तू? जा इथून!"

किती वेळ ओरडत होती कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा काच मोकळी होती. खाली जाणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली नाहीत.

तनया रडत नव्हती. दाराला कान लावून उभी होती.

"गेला," ऊर्मिला धापा टाकत म्हणाली. "गेला तो. संपलं, पिल्लू."

"इश गेए," तनया म्हणाली.

"कुठे निघालीस? आज शाळा नको."

तनयाने मान हलवली. आपण नाही. तो म्हणाला. तू ओरडत होतीस ना, तेव्हा तो म्हणाला. इश गेए.

मी जातो.

ऊर्मिला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "नाही गं. 'एर' म्हण. तू नेहमी 'एर' म्हणतेस ना? तो जातो. नुसतं 'जातो' म्हणाला असेल. हो ना?"

"नाइन." नाही. तनयाला आईच्या मंदपणाचं आश्चर्य वाटलं. तिने काळजीपूर्वक, एक एक शब्द सुटा करून, मराठीत सांगितलं. बापाचीच मराठी, त्याच्यासारखीच जरा नाकात. "मी जातो, ऊर्मी."

ऊर्मी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

साखळी काढताना तिचं नख मोडलं. ती जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडली, "ये! हृषी, ये!" दोन मजल्यांवरची दारं उघडली आणि शेजारणी बाहेर डोकावल्या. खालचं दार आपोआप लागतं तसं लागलं.

तिने एकदा ऐकलं असतं तर पुरेसं होतं. पण त्या वेळी तिचे कान बंद होते.

मंगळवारी सात बेचाळीसला कचऱ्याची गाडी खरोखरच आली. टिंव टिंव करत मागे मागे आली, डबे रिकामे केले आणि उतारावरून निघून गेली. बेल वाजली नाही. बुधवारीही वाजली नाही. रविवारी अहिल्याबाईंनी काही विचारलं नाही. त्यांचं समाधान झालेलं होतं.

ऊर्मिला अजूनही रोज सकाळी पोथी बाजूला सारून उठते. बेल वाजायची वाट न पाहता रिसीव्हर उचलते आणि कानाशी घट्ट धरते. आत बारीकशी खरखर असते.

"ये," ती म्हणते. "ये रे बाबा, ये."